पटावरचं विसावं नाव

"माणूस कुठल्याही देशातून पळून आलेला असू दे. हातात कागद असो नसो. एकवीस दिवसांत त्याचं पोर शाळेत आणि तो स्वतः कामावर. एकवीस! नाही जमलं तर मला पुन्हा चौथीत नेऊन बसवा!"

लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सुहास ओव्हाळनं हे वाक्य टाकलं, आणि टाळ्या पडायच्या आत त्याच्या पाठीमागची भिंत सोलून निघाली.

खरी भिंत जागेवरच होती. सोलून निघाल्या त्या सकाळपासून चिकटवलेल्या सत्तर रंगीत चिठ्ठ्या. आधी 'नोंदणी' गळाली, मग 'गावाचं प्रबोधन', आणि मग बाकीच्या सगळ्या, बोरीला हिसका दिल्यावर बोरं पडावीत तशा बदाबदा खाली आल्या. सप्टेंबरातली लोणावळ्याची हवा. तिथं तळलेला पापड ताटात येईपर्यंत वातड होतो, चिठ्ठीचा गोंद काय टिकणार! मुंबईहून आलेले देणगीदार चिठ्ठ्यांवर पाय पडू नये म्हणून पाय वर घेऊन बसले.

सुहास तळेगावचा. आठ वर्षं तिथून जवळच्या नवलाख उंबऱ्याच्या एका मोटार कारखान्यात लाइनीवर होता. लाइनीच्या या टोकाला पत्रा शिरायचा आणि त्या टोकाला गाडीचा दरवाजा होऊन बाहेर पडायचा, हे बघून बघून त्याची अशी पक्की समजूत झाली होती की जगात कशाचीही लाइन लावता येते. पुढे तो 'ओसरी' नावाच्या छोट्या संस्थेत आला. लढाया-दंगलीतून जीव वाचवून आपल्या देशात आश्रय मागायला आलेल्या लोकांना शिक्षण आणि काम मिळवून द्यायचं, हे ओसरीचं काम. आणि ते कसं मिळवून द्यायचं याचा आराखडा करणं, हे सुहासचं.

चिठ्ठ्या गोळा करायला हॉटेलचा वेटर सत्यम धावला. त्यानं इमानेइतबारे सगळ्या उचलल्या, किचनमधून चिकटपट्टी आणली आणि आपल्या मनानं पुन्हा लावल्या. सगळ्यात वर त्यानं 'जेवण' लावलं. ही चिठ्ठी मुळात दुपारच्या सुट्टीची होती. मग 'काम', मग 'शाळा', आणि 'नोंदणी' अगदी शेवटी, स्विचबोर्डाच्या खाली.

"अरे, उलटं लावलंस सगळं!" सुहास दबक्या आवाजात ओरडला.

"साहेब, आमच्यात आधी जेवायलाच घालतात," सत्यम म्हणाला आणि चहा आणायला गेला.

देणगीदारांना मात्र ती भिंत फार आवडली. त्यांनी तिथल्या तिथं मंजुरी दिली. त्या दिवशी तारीख होती दहा सप्टेंबर. तीस सप्टेंबरला एकवीस दिवस भरत होते.

घरी बायकोनं, यशोधरानं, सगळं ऐकून घेतलं. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, त्यामुळे लोकांची तोंडं उघडी राहण्याची तिला सवय आहे.

"चौथीत बसवा म्हणालास?"

"बोलायची पद्धत असते गं."

"बघ हं. डबा मी देणार नाही."

*

लाइनीवर चढणारी पहिली माणसं म्हणजे मर्जिया आणि तिची दहा वर्षांची मुलगी सितारा.

मर्जिया अफगाणिस्तानातल्या हेरातची. तिथं मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. ती शाळा बंद झाली, मग मर्जियाला घरात राहणंही अवघड झालं, आणि दिल्लीमार्गे ती पुण्यात येऊन पोचली. तीन वर्षं झाली होती. पर्समध्ये आश्रय मागितल्याचं एक कार्ड. सिताराला पुण्यातल्या तीन शाळांनी 'आधी कागद आणा' म्हणून परत पाठवलं होतं, आणि एक वर्ष पोर घरातच बसून होती. मर्जियाचं मराठी मंडईतल्या भाजीवाल्या बायकांकडून शिकलेलं होतं. चांगलं होतं, फक्त कुठलंही वाक्य बोलली की भाव केल्यासारखं वाटायचं.

"एकवीस दिवस लय होतात," ती सुहासला म्हणाली. "पंधरात द्या."

"ताई, एकवीस फिक्स आहेत."

"अठरा. बघा, नाहीतर मी चालले."

"कुठं चालल्या?"

ती हसली आणि मग गंभीर झाली. "भाई, हे वर्ष पण गेलं तर ही अकरा वर्षांची होईल. छोट्या मुलांत बसायला लाजेल. मग नाहीच जाणार. मला माहितीय, मी टीचर आहे."

सुहासनं फॉर्म पुढे केला. कौशल्याच्या रकान्यात सहा चौकोन होते: शिवणकाम, पापड, मेंदी, ब्यूटी पार्लर, मेणबत्त्या, कागदी पिशव्या. 'इतर' असा चौकोन सुहासनं मुद्दाम ठेवला नव्हता. 'इतर' ठेवलं की सगळे त्यातच लिहितात आणि लाइन तुंबते, हा कारखान्यातला अनुभव.

"गणित कुठंय?" मर्जियानं विचारलं.

"गणित नाहीये. शिवणकाम करू आपण."

"मला बटण लावता येत नाही."

"शिकाल की. सोपं असतं," असं म्हणून स्वतःला सुईत दोरा ओवता न येणाऱ्या सुहासनं शिवणकामावर खूण केली.

राहायची सोय त्यानं तळेगावच्या पुढं, कान्ह्याच्या पलीकडे चिंचमाळ नावाच्या गावात केली. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या दोन खोल्या ग्रामपंचायतीनं दिल्या. चिंचमाळच्या दोन वाड्या, वरची आणि खालची, मधे ओढा. गणपती वेगळे, भजनी मंडळं वेगळी, क्रिकेटचे संघ वेगळे. शाळाही दोन, प्रत्येकी चौथीपर्यंत. सुहासच्या आराखड्यात आता येत होता 'गावाचं प्रबोधन' हा टप्पा. परक्या मुलखातली बाई आली म्हटल्यावर गाव विरोध करणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. विरोध कसा हाताळायचा यावर चाळीस स्लाइड तयार होत्या.

*

सभा समाजमंदिरात भरली. सुहासनं प्रोजेक्टर लावला आणि पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली. पाचव्या स्लाइडला खालच्या वाडीच्या शाळा समितीचा अध्यक्ष दत्तोबा यानं हात वर केला.

"सायेब, थांबा जरा. पोरगी किती वर्साची म्हनला?"

"दहा."

"म्हंजी चौथीत?"

"हो, चौथीत बसू शकेल."

समाजमंदिरातल्या सगळ्या माना एकदम दत्तोबाकडे वळल्या. दत्तोबा उठून उभा राहिला.

"ठरलं मग. पोरगी आमच्या शाळंत."

"आरं वा रं वा!" वरच्या वाडीचा अंबाजी ताडकन उठला. "तुमच्या शाळंत का? डेअरी कुनाच्या हद्दीत हाय?"

"डेअरीचं दार खालच्या अंगाला हाय!"

"आन् मोरी वरच्या अंगाला हाय! मंग?"

दोन्हीकडची माणसं उठली. सुहासला वाटलं, आला, विरोध आला. त्यानं घाईनं चौदावी स्लाइड काढली आणि माइकवर वाचायला लागला, "मित्रहो, निर्वासित माणूस आपल्यावर भार नसतो..."

"भार कोन म्हनतंय!" नंदाबाई ओरडली. नंदाबाई दत्तोबाची भावजय, खालच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. "सायेब, तुमी खाली बसा आन् आमाला भांडू द्या!"

मग तिनंच त्याला बाजूला घेऊन समजावलं. खालच्या शाळेच्या पटावर मुलं एकोणीस. वरच्या शाळेच्या पटावरही एकोणीस. विसाच्या आतल्या शाळा बंद करून पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेला जोडणार, अशी बातमी तालुक्यात फिरत होती. तीस सप्टेंबरला पट मोजायला शिक्षणखात्याच्या मॅडम येणार होत्या. गावात लग्नं होत होती, पण जोडपी तळेगावच्या फ्लॅटात जाऊन राहत होती. दोन्ही शाळांत एकेक मूल कमी होतं. दोन महिने दोन्ही वाड्या एका मुलासाठी देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

"आन् तुमी आयतं दहा वर्साचं घिऊन आला," नंदाबाई म्हणाली. "शाळा गेली की माजी चूल गेली, सायेब. तुमची पोरगी न्हाई ती, लक्ष्मी हाय."

"पण तिच्याकडे कागद नाहीत."

खालच्या शाळेचे हौशीराम गुरुजी मागंच उभे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, शर्टाच्या खिशात तीन पेनं. "कागद नाहीत, पण पोर आहे ना? मग झालं तर. कायद्यात पोर आधी आहे, कागद नंतर. उद्या पाठवा."

सुहासचा आराखडा गोंधळला, पण सुहास गोंधळला नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही, हे तत्त्व त्याच्या बाराव्या स्लाइडवर होतं. म्हणून त्यानं सिताराच्या माहितीची फाइल दोन्ही वाड्यांना दिली, एकेक प्रत. फाइलमध्ये सिताराचा फोटो, तिच्या कार्डाची प्रत आणि 'या कुटुंबाची हमी मी घेतो' असं सुहासचं पत्र, खाली त्याचा आधार नंबर. त्या दोन प्रतींचा त्याला इतका अभिमान होता की त्यानं त्यांचा फोटो काढून मुंबईला पाठवला.

*

दुसऱ्या दिवसापासून डेअरीच्या दारात जी रीघ लागली ती काही थांबेना. नंदाबाईनं इंद्रायणीचा भात आणि पिठलं आणलं. ते बघून वरच्या वाडीनं काळ्या घेवड्याची आमटी आणली. दत्तोबानं पाण्याची टाकी बसवली. अंबाजीनं पलंग पाठवला, सागवानी, त्याच्या चुलत्याच्या लग्नातला. तो इतका मोठा निघाला की डेअरीच्या दारातून आत जाईना. उभा केला, आडवा केला, तिरका केला. चार माणसं घामाघूम झाली. शेवटी तो बाहेर चिंचेखालीच राहिला.

"दाराचं माप घेतलं नव्हतं?" मर्जियानं विचारलं.

"बाई, पलंग कधी दाराचं माप घिऊन करत्यात व्हय?" अंबाजी म्हणाला.

सुहास आठव्या दिवशी मोटरसायकलवर शिवणयंत्र बांधून आला. नंदाबाईनं मोठ्या मनानं ब्लाऊजपीस दिला. मर्जियानं दोन दिवस खपून ब्लाऊज शिवला. नंदाबाईनं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई गं, ह्यात हात कुटनं घालायचा?"

दोन्ही बाह्या टोकाला शिवून बंद केल्या होत्या, अगदी पक्क्या, दुहेरी टीप मारून.

सुहासनं कपाळाला हात लावला. मर्जिया मात्र ब्लाऊजकडे बघत नव्हती. उरलेल्या कापडाकडे बघत होती. तिनं ते पलंगावर पसरलं, वितीनं मोजलं, नंदाबाईच्या अंगातल्या जुन्या ब्लाऊजकडे बघितलं.

"हा कुणी शिवला?"

"कामशेतच्या टेलरनं. पीस आसाच व्हता, येक मीटरचा. कापड कमी पडलं म्हनला, म्हनून बाह्या आखूड."

मर्जियानं फॉर्मच्या पाठीवर दोन चौकोन आणि एक गोल काढला, आकडे मांडले. "कमी नाही पडलं. पाऊण मीटरात होतो. पाव मीटर त्याच्याकडे पडलं."

नंदाबाईनं त्या चौकोनांवरून एकदा बोट फिरवलं. मग ती तडक वाडीत गेली आणि चौदा बायका घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात दोन-तीन ब्लाऊज. संध्याकाळपर्यंत मर्जियानं पलंगावर बसून सगळ्यांचं गणित मांडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या बायका टेम्पोत बसून कामशेतला गेल्या, कागदासकट. टेलरनं आधी आवाज चढवला, मग कागदावरचे गोल बघितले, मग त्याचा आवाज उतरला. येताना बायकांनी कापडाचं गाठोडं आणलं आणि सिताराच्या मापाचा शाळेचा गणवेशही. तो त्यानं तिथल्या तिथं फुकट शिवून दिला होता.

"बाई," नंदाबाई म्हणाली, "ते मशीन द्या सायबाला परत. उद्यापास्नं आमाला हे शिकवा."

"काय हे?"

"हेच की! टेलर कापतो ते, दुकानदार मारतो ते, समदं. आन् आमच्यानंतर पोरान्ला."

झालं. सकाळी बायका, दुपारी शाळेतली पोरं, संध्याकाळी नवलाख उंबऱ्याला कामाला जाणारी, बढतीच्या परीक्षेला बसलेली तरणी मंडळी. जो वर्ग भरायचा तो पलंगावर. एकावेळी अकरा जण मावायचे. फीच्या जागी डेअरीच्या कोपऱ्यात इंद्रायणी तांदळाची पोती उभी राहिली. सुहासनं फॉर्म काढला आणि 'मेणबत्त्या' खोडून त्यावर 'गणित' लिहिलं.

घरी जाताना त्याला एकदम आठवलं. जेवण, काम, मग शाळा. लोणावळ्याच्या त्या सत्यमनं लावलेला क्रम. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही.

*

शाळेचा टप्पा तेवढा राहिला होता. सितारा रोज खालच्या वाडीत हौशीराम गुरुजींच्या वर्गात जाऊन बसत होती. गुरुजींनी रजिस्टरमध्ये तिचं नाव शाईनं लिहून टाकलं होतं आणि आधार नंबराचा चौकोन कोरा सोडला होता. तेवढ्यात वरच्या वाडीत गेलेल्या सुहासला तिथले नवे शिक्षक समर्थ सर भेटले. हुशार, लॅपटॉपवाले.

"सर, तुमच्या मुलीचा ऑनलाइन फॉर्म भरून टाकला मी. आमच्या शाळेत."

"तुमच्या? अहो, ती खालच्या शाळेत आहे!"

"अंबाजीभाऊ म्हणाले, भर. आधी अडत होता, नंबर मागत होता. मग तुमच्या फाइलमधला नंबर टाकला. लगेच गेला. हिरवी खूण आली."

सुहासला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक, सत्यानाश. दोन, फाइल काय मस्त केलीय आपण! दुसरी जरा जास्तच वाटली, त्यामुळे तिथं जे विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं नाही.

मर्जियाला कळलं तेव्हा ती भडकली. "एक मुलगी, दोन शाळा? हे कुठलं गणित? पकडलं तर दोन्हीकडून नाव जाईल तिचं!"

सुहास अंबाजीकडे गेला. हात जोडले.

"मंग आमाला दुसरं कुटुंब द्या," अंबाजी म्हणाला. "ह्यांच्यात लय हुशार लोक हायेत. येक पोर असलं तरी चालंल. दोन आसली तर पलंग आजून येक हाय आमच्याकडं."

"आहे एक कुटुंब, सुदानचं. पुण्यात. दोन मुलं आहेत. पण दिवाळीनंतर येणार."

"दिवाळीपत्तुर आमच्या शाळंला टाळं लागंल, सायेब."

"पण भाऊ, तीस तारखेला सितारा खालीच मोजली जाणार. समजलं ना?"

"समजलं," अंबाजी म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की सुहासला शंका यायला हवी होती.

*

तीस सप्टेंबर उजाडला. मॅडम जीपमधून आल्या, आधी खालच्या वाडीत. सितारा नव्या गणवेशात पहिल्या बाकावर. हौशीराम गुरुजींनी रजिस्टर पुढं केलं. मॅडमनी डोकी मोजली. वीस.

"या मुलीचा नंबर?"

"कागद नाही, मूल आहे," गुरुजी म्हणाले. "बसवून विचारा काहीही."

मॅडमनी सिताराला सतराचा पाढा विचारला. तिनं तो म्हटला, आणि मग कुणी न विचारता उलटाही म्हटला. मॅडमनी शेरा लिहिला, सही केली. दाराबाहेर मर्जिया उभी होती. तिनं ओढणीनं डोळे पुसले, मग नंदाबाईनं तिच्याच ओढणीनं स्वतःचे पुसले.

सुहास निवांत झाला. जीपबरोबर तोही वरच्या वाडीला निघाला. रस्ता ओढ्याला वळसा घालून जातो, वीस मिनिटं लागतात. ओढ्यातून मोटरसायकलनं चार.

वरच्या शाळेत पाऊल टाकलं आणि सुहास दारातच थबकला. शेवटच्या बाकावर सितारा. गणवेश गुडघ्यापर्यंत ओला. शेजारी अंबाजी छताकडे बघत उभा.

मॅडमनी वर्गाकडे बघायच्या आतच सितारा उठली.

"मॅडम, मला तिकडं मोजलंय आधी."

मॅडम तिच्या बाकाकडे वळल्या.

"मग इथं कशी आलीस?"

"गाडीवर आणलं. आई म्हणते, एक गोष्ट दोनदा मोजली की उत्तर चुकतं."

मॅडमनी अंबाजीकडे बघितलं. अंबाजीला खोकला आला. तो बराच वेळ आला.

"पाहुणी म्हणून बस," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांची हजेरी घेते." अंबाजीचे खांदे पडले. समर्थ सरांनी लॅपटॉप मिटून छातीशी धरला, घरातलं कुणी गेल्यासारखं.

वर्गात रेंज नव्हती. चिंचमाळात रेंज फक्त दारात येते, तीही रस्त्याकडे तोंड केलं तर. मॅडम वर्गाकडे पाठ करून दारात उभ्या राहिल्या, टॅब उंच धरला आणि एकेक नाव घ्यायला लागल्या. मुलं 'हजर' म्हणत गेली. सुहास भिंतीला टेकून उभा होता, डोक्यात सुदानच्या कुटुंबाला दिवाळीआधी कसं आणता येईल याची जुळवाजुळव चालू. सतरा. अठरा. एकोणीस.

"सुहास ओव्हाळ!"

"हजर, मॅडम!" सुहास ताठ होऊन म्हणाला. आठ वर्षं कारखान्यात रोज सकाळी हजेरी दिलेला माणूस. आणि त्याला वाटलं, संस्थेच्या वतीनं कोण आलंय ते बघतायत.

मॅडमनी बोट टेकवलं. "वीस. ठीक आहे," म्हणाल्या, आणि जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेल्या.

"ईस?" अंबाजीनं बोटं मोजली, मग पोरं मोजली, मग पुन्हा बोटं मोजली. "आपली एकुनीस. पोरगी तिकडं मोजली. आरं मंग ईस झाली कशी?"

समर्थ सरांनी लॅपटॉप उघडला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नंबर टाकल्यावर नाव आपोआप आलं होतं. हिरवी खूण बघून त्यांनी खालचं वाचलंच नव्हतं. सुहासनं मान लांबवून बघितलं. इयत्ता चौथी. सुहास ओव्हाळ. वय वर्षं चौतीस. आजची हजेरी: उपस्थित.

"सायेब," अंबाजीनं त्याचे दोन्ही हात धरले, "तुमी आमच्यासाटी येवढं केलं!"

"मी काही केलं नाही! काढा हे! आत्ता काढा!"

सुहासनं जागेवरूनच खात्यात फोन लावला, खरं काय ते सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, दुरुस्ती दिवाळीनंतर सुरू होते. तोवर सुदानची मुलं आली की त्यांची नावं घाला आणि हे काढा. मात्र काढायचं तर शाळा सोडल्याचा दाखला लागेल, आणि त्यावर पालकांची सही.

संध्याकाळी चिंचेखालच्या पलंगावर पेढे वाटले. दोन्ही वाड्यांनी, वेगवेगळे. सितारा मधे बसून दोन्हीकडचे खात होती.

"एकवीस दिवस बोलला होता," मर्जिया सुहासला म्हणाली. "एकवीसला एक मुलगी शाळेत. बरोबर. मी कामाला. बरोबर. आणि वरती एक माणूस फ्री."

"असा भाव नका करू ताई."

घरी यशोधरानं दार उघडलं. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, दवाखान्यात कान्ह्याची एक बाई दाढ काढायला आली होती. तिनं ओट्यावरून लहान मुलांचा एक डबा उचलला, झाकणावर ससा असलेला, आणि त्याच्या हातात ठेवला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही शाळांमध्ये चौथीची घटक चाचणी झाली. गणितात सिताराला वीसपैकी वीस मिळाले. सुहास ओव्हाळ गैरहजर होता, त्याला शून्य मिळालं, आणि पालकांना भेटायला बोलावल्याची चिठ्ठी त्याच्या आईच्या नावानं तळेगावला आली.